सांध्यांची कुरकुर : ऐकावी कोणती, सोडून द्यावी कोणती?

बोटे मोडणे ही क्रिया एकच. पण मराठी घरांनी तिला दोन परस्परविरुद्ध अर्थ दिले आहेत. आजी नातवंडाच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात उतरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटे मोडते, तेव्हा ती त्याची इडापिडा आपल्या अंगावर घेत असते. उलट, एखाद्याच्या नावाने बोटे मोडली की तोच शाप ठरतो. इंदूर-ग्वाल्हेरकडे आपल्या हिंदी शेजारणी पहिल्या प्रकाराला 'बलैयाँ लेना' म्हणतात, तर वडोद्याच्या गुजराती घरांत त्यालाच 'ओवारणां' हे नाव आहे. बोटे जितकी कडाडून मोडली तितकी दृष्ट मोठी होती, अशीही समजूत आढळते. सारांश, सांध्यातून निघणाऱ्या आवाजाला काहीतरी अर्थ असलाच पाहिजे, ही भावना आपल्या मनात लहानपणीच रुजलेली असते.

हाच आवाज चाळिशी ओलांडल्यावर स्वतःच्या गुडघ्यातून येऊ लागला की मात्र कौतुक संपते आणि काळजी सुरू होते. 'वंगण संपले', 'हाडावर हाड घासू लागले', 'आता जिना बंद' असे निदान घरच्या घरी होऊन जाते. मंगळागौरीला फुगडी घालण्यास नकार, पावागडाच्या पायऱ्यांना रामराम आणि संध्याकाळचा फेरफटका हळूहळू अंगणापुरता, असा क्रम लागतो. दुसरीकडे, ज्या गृहिणीचा गुडघा खरोखरीच सुजतो, अडकतो, रात्री झोपू देत नाही, ती 'वयोमानाप्रमाणे चालायचेच' म्हणून महिनोन्‌महिने गप्प बसते. निरुपद्रवी आवाजाची भीती आणि उपद्रवी दुखण्याची उपेक्षा, या दोन्ही चुका एकाच घरात शेजारी शेजारी नांदतात. दोन्ही टाळावयाच्या तर आवाज कोठून येतो आणि त्याच्या जोडीला काय येते, हे समजून घेतले पाहिजे.

तीन आवाज, तीन कारणे

ध्वनिवाचक शब्दांच्या बाबतीत आपली भाषा श्रीमंत आहे. तिचाच आधार घेतला तर सांध्यांच्या आवाजांची ढोबळ विभागणी सहज करता येते. पहिला 'कड्' : बोट ओढले किंवा वाकवले की एकदाच होणारा, आणि लगेच पुन्हा करू म्हटले तर न होणारा. दुसरा 'टक्' : ठरावीक हालचालीत, ठरावीक जागी, हवा तितक्या वेळा होणारा. तिसरा 'करकर' : सांधा हलत असेपर्यंत चालू राहणारा, आणि कानापेक्षा तळहाताला अधिक जाणवणारा. डॉक्टरांकडे जाण्याची वेळ आलीच तर 'आवाज येतो' एवढेच न सांगता या तिघांपैकी कोणता येतो हे सांगितले, तर त्यांचे निम्मे काम हलके होते.

'कड्'चे रहस्य

बोटाच्या सांध्यात दोन हाडांची टोके समोरासमोर येतात. टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो आणि भोवती संधिकोशाची घट्ट पिशवी. तिच्या आत अंड्यातील पांढऱ्या भागासारखा किंचित चिकट असा संधिद्रव असतो. बोटासारख्या लहान सांध्यात तो अगदी थेंबभरच. या द्रवात वायू विरघळलेले असतात, त्यांत कार्बन डायऑक्साइडचा वाटा मोठा. बोट ओढले की हाडांची टोके एकमेकांपासून दूर जातात, पिशवीतील जागा वाढते, दाब एकाएकी उतरतो आणि विरघळलेला वायू बुडबुड्याच्या रूपाने बाहेर पडतो. गोटीसोड्याच्या बाटलीची गोटी आत ढकलताच सोडा उसळतो, त्याच जातीची ही घटना होय.

ही केवळ कल्पना नव्हे. १९४७ साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील रोस्टन आणि हेन्स या दोघांनी बोट ओढताना त्याची क्ष-किरण चित्रे घेतली. आवाज होताच हाडांची टोके एकदम दूर सरकतात आणि मधल्या जागेत वायूची पोकळी दिसते, असे त्यांना आढळले. १९७१ साली लीड्स विद्यापीठातील अन्सवर्थ, डाउसन आणि राइट यांनी असे मत मांडले की, आवाज बुडबुडा तयार होताना होत नाही, तर तो मिटताना होतो. पुढे चव्वेचाळीस वर्षे हेच मत बहुतेक ठिकाणी शिकवले गेले. २०१५ साली कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात बोट ओढतानाचे चलच्चित्र एम.आर.आय. यंत्राने टिपण्यात आले, तेव्हा आवाजाच्या क्षणी पोकळी निर्माण होताना दिसली आणि आवाजानंतरही ती टिकून राहिली. २०१८ साली गणिती प्रारूपाच्या आधारे पुन्हा सांगण्यात आले की, बुडबुडा पूर्णपणे न मिटता थोडासा आकसला तरी तेवढा आवाज होऊ शकतो. शास्त्रज्ञांचा हा वाद अद्याप रंगलेला आहे. परंतु एका गोष्टीविषयी सर्वांचे एकमत आहे. आवाज वायूच्या बुडबुड्याचा आहे. हाडावर हाड आपटत नाही, काही तुटत नाही, काही निखळत नाही.

एकदा बोट मोडले की ते पुन्हा मोडण्यासाठी सुमारे वीस मिनिटे थांबावे लागते, याचेही कारण येथेच आहे. बाहेर पडलेला वायू द्रवात पुन्हा विरघळण्यास तेवढा अवधी लागतो.

बोटे मोडल्याने संधिवात जडतो काय?

'बोटे मोडू नकोस, म्हातारपणी हात वाकडे होतील' हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा मुलगा विरळा. अमेरिकेतही आया आणि मावश्या हेच सांगतात, असे दिसते. कॅलिफोर्नियातील डोनाल्ड अंगर या डॉक्टरांना लहानपणी आईने, मावश्या-आत्यांनी आणि पुढे सासूबाईंनीही ही ताकीद दिली होती. ती खरी की खोटी हे ठरवण्यासाठी या गृहस्थांनी पन्नास वर्षांहून अधिक काळ फक्त डाव्या हाताची बोटे रोज निदान दोनदा मोडली आणि उजवा हात तुलनेसाठी राखून ठेवला. हिशेब केला तर डाव्या हाताची बोटे निदान ३६,५०० वेळा मोडली गेली. अखेरीस दोन्ही हात तपासले, तर संधिवात याही हातात नव्हता आणि त्याही हातात नव्हता. १९९८ साली त्यांनी हा वृत्तांत एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. २००९ साली त्यांना 'इग नोबेल' हा पुरस्कारही मिळाला. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करावयास लावणाऱ्या संशोधनासाठी तो दिला जातो.

एका माणसाच्या दोन हातांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे खरे. म्हणून मोठ्या पाहण्यांकडे वळावे. १९७५ साली अमेरिकेतील एका वृद्धाश्रमातील अठ्ठावीस रहिवाशांची तपासणी झाली. आयुष्यभर बोटे मोडणाऱ्यांच्या हातांत झीज अधिक असल्याचे त्यांत दिसले नाही. २०११ साली २१५ माणसांच्या हातांची क्ष-किरण चित्रे तपासली गेली, निष्कर्ष तोच. उलट सूर लावणारी पाहणी एकच, १९९० सालची. पंचेचाळीस वर्षांवरील ३०० माणसांच्या त्या पाहणीत बोटे मोडणाऱ्यांत संधिवात अधिक नव्हता, परंतु हातांची सूज आणि मुठीतील कमजोरी अधिक आढळली. मात्र याच गटात हाताने कष्टाची कामे करणारेही अधिक होते, तेव्हा सुजेचा दोष बोटे मोडण्याला द्यावा की कष्टांना, हे त्यावरून ठरत नाही. पुढे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या सोनोग्राफीच्या अभ्यासात बोटे मोडणाऱ्यांच्या सांध्यांत सूज किंवा अशक्तपणा आढळला नाही.

तेव्हा परीक्षेच्या तयारीला बसलेला मुलगा कंटाळून बोटे मोडत असेल तर त्याला रागवण्याचे कारण फार तर शिष्टाचाराचे असू शकते, आरोग्याचे नव्हे. अट एकच : बोट मोडताना दुखता कामा नये, आणि त्यासाठी पिरगाळून जोर लावावा लागता कामा नये.

'टक्' : दोरीचा आवाज

दुसऱ्या प्रकारच्या आवाजाचा वायूशी संबंध नसतो. स्नायू ज्या दोरीसारख्या कंडरेने हाडाला बांधलेला असतो ती कंडरा हालचालीत हाडाच्या एखाद्या उंचवट्यावरून घसरते आणि 'टक्' असा आवाज होतो. जिना चढताना खुब्याजवळ, हात वर नेताना खांद्याशी, पाऊल गोल फिरवताना घोट्याशी हा आवाज अनेकांना येतो. धावपटूंत आणि नृत्य करणाऱ्यांत खुब्याचा 'टक्' विशेष आढळतो. दुखत नसेल तर त्याला औषध नको.

याला दोन अपवाद ध्यानात ठेवावेत. पहिला बोटाचा. सकाळी मूठ उघडताना एखादे बोट वाकलेलेच राहते आणि ओढल्यावर 'टक्' करून सरळ होते, बुडाशी तळहाताला गाठ लागते. ही कंडरा तिच्या नळीत अडकू लागल्याची खूण होय. पन्नाशीच्या आसपासच्या स्त्रियांत आणि मधुमेह असलेल्यांत हा विकार अधिक दिसतो. तो वेळीच दाखवला तर साध्या उपायांनी, क्वचित एका इंजेक्शनने वा छोट्याशा शस्त्रक्रियेने बरा होतो. दुसरा अपवाद जबड्याचा. जांभई देताना कानापुढे होणारा 'टक्' पुष्कळांना असतो आणि त्याने काही बिघडत नाही. परंतु तोंड पुरते उघडेनासे झाले, किंवा उघडलेले मिटेनासे झाले, तर दंतवैद्याकडे जावयास हवे.

'करकर' आणि गुडघा

सर्वांत अधिक घबराट होते ती गुडघ्याच्या करकरीने. गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावरील खाचेतून वर-खाली सरकते. वाटीच्या मागची कूर्चा थोडीशी खडबडीत झाली की बसता-उठता वाळू चुरडल्यासारखे वाटते. हे वृद्धांतच होते असे नाही. विशी-पंचविशीतल्या मुलींतही ते पुष्कळदा आढळते. निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र केल्या असता असे दिसते की, ज्यांचे गुडघे मुळीच दुखत नाहीत अशा माणसांपैकीही सुमारे एकतृतीयांश लोकांच्या गुडघ्यांत करकर असते. तेव्हा नुसती करकर म्हणजे रोग, हे समीकरण टिकत नाही.

पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. झिजेचा संधिवात झालेल्या बहुतेक गुडघ्यांत करकर असते. १९८६ साली अमेरिकन तज्ज्ञांनी या विकाराच्या निदानासाठी जी लक्षणे ठरवली त्यांत गुडघेदुखी ही मुख्य अट होती. तिच्या जोडीला पन्नाशीपुढील वय, सकाळी अर्ध्या तासाहून कमी टिकणारा ताठरपणा अशा लक्षणांबरोबरच करकरीचाही समावेश होता. करकर सोबतीण आहे, मुख्य पात्र नव्हे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात ३,४९५ मध्यमवयीन आणि वृद्ध व्यक्तींवर चार वर्षे लक्ष ठेवण्यात आले. ज्यांनी 'गुडघा नेहमी वाजतो' असे सांगितले होते त्यांना पुढे दुखरा संधिवात होण्याचा संभव, 'कधीच वाजत नाही' म्हणणाऱ्यांच्या मानाने सुमारे तिप्पट निघाला. यातही एक मेख आहे. ज्यांना पुढे दुखणे सुरू झाले त्यांच्यापैकी बहुतेकांच्या गुडघ्यांच्या क्ष-किरण चित्रांत झीज आधीपासूनच दिसत होती.

यावरून काय समजावे? तरुण, न दुखणाऱ्या गुडघ्याची करकर सोडून द्यावी. पन्नाशी ओलांडलेल्या, वजन वाढलेल्या माणसाने मात्र सततच्या करकरीला घरातील वडीलधाऱ्या माणसाच्या सूचनेप्रमाणे मान द्यावा. ती संकटाची घंटा नव्हे. पण गुडघ्याकडे आताच लक्ष दिले तर पुढचे टळेल, एवढे ती सांगते.

भीतीने होणारे नुकसान

लक्ष देणे म्हणजे हालचाल बंद करणे नव्हे. बहुतेक घरांत नेमकी येथेच गफलत होते. २०१७ साली ब्रिटनमध्ये गुडघेदुखीच्या रुग्णांच्या मुलाखती घेण्यात आल्या, तेव्हा असे आढळले की, आवाजाचा अर्थ 'झीज' किंवा 'म्हातारपण' असा लावल्यामुळे त्या माणसांनी आवाज होईल अशा हालचालीच टाळावयास सुरुवात केली होती. आपल्याकडे अशा मुलाखती घेण्याचीही गरज नाही. कोणत्याही हळदीकुंकवाला कान उघडे ठेवले तरी पुरे.

कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सभोवतालच्या संधिद्रवातून होते, आणि तेही स्पंजासारखे. पाऊल टाकले की ती दाबली जाते, उचलले की फुगते, आणि या चेपण्या-फुगण्यातून द्रव आत-बाहेर होतो. चालणे हाच तिचा घास होय. चालणे थांबवले की कूर्चा उपाशी राहते, मांडीचे स्नायू काही आठवड्यांतच रोडावतात, आणि स्नायूंनी उचलावयाचा भार सांध्यावर पडतो. मग खरोखरीच दुखू लागते, आणि 'पाहा, आवाज येत होता तेव्हाच सांगितले होते' असे म्हणणारेही भेटतात. वास्तविक हे दुखणे आवाजाने आणलेले नसते; आवाजाच्या भीतीने आणलेले असते.

'वंगण संपले' या कल्पनेचाही येथे विचार करू. आयुर्वेदाने सांध्यांतील स्निग्धतेला श्लेषक कफ असे नाव दिले, आणि चरकाने संधिगत वातातील सूज वाऱ्याने भरलेल्या कातडी पिशवीसारखी हाताला लागते असे वर्णन केले. सांध्यात वंगण असते ही गोष्ट आपल्या वैद्यांना ठाऊक होती, हे यावरून दिसतेच. परंतु झिजलेल्या गुडघ्यातील वंगण आटलेले असते असे नाही. सुजलेल्या गुडघ्यात द्रव वाढलेला असतो. त्याचा चिकटपणा तेवढा कमी झालेला असतो. बाहेरून चोळलेले तेल संधिकोशात उतरत नाही. मालिशाने आणि शेकाने स्नायू सैल होतात, बरे वाटते, आणि तेवढ्यासाठी ते अवश्य करावे. डिंकाच्या आणि मेथीच्या लाडवांनी वंगण वाढते याला मात्र आधार नाही. वजन निश्चित वाढते. औषधांच्या दुकानांत मिळणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांविषयी म्हणाल, तर २००६ साली अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, एकूण रुग्णांचा विचार करता, नकली गोळीपेक्षा तिचा लक्षणीय फायदा दिसला नाही.

मान आणि पाठ : येथे खेळ नको

पाठीत उसण भरली की पायाळू माणसाकडून हळूच लाथ मारून घ्यावी, हा उपाय अजूनही काही घरांत सांगितला जातो. तालमीतले वस्ताद पूर्वी खांदा-मनगट बसवीत. या सर्व उपायांत 'कट्' असा आवाज झाला की 'हाड जागेवर बसले' असे मानण्याची रीत आहे. खरे पाहता तो आवाज बहुधा बोटाच्या आवाजासारखाच, वायूचा असतो. सांधा काही वेळ सैल वाटतो म्हणून बरे वाटते. हाड मुळात सरकलेलेच नसते.

पाठीच्या बाबतीत हा प्रकार बहुधा निभावून जातो. मानेच्या बाबतीत निभावेलच असे नाही. केस कापून झाल्यावर न्हाव्याने मान दोन्ही बाजूंना झटका देऊन मोडावी, ही सवय आपल्या पुरुषवर्गात सर्वत्र आहे आणि ती सोडली पाहिजे. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून वर जातात. मान एकाएकी पिळली गेली तर धमनीचे आतील अस्तर फाटू शकते, तेथे रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. असे क्वचित घडते. पण धडधाकट तरुणांतही ते घडल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. पाच मिनिटांच्या सुखासाठी हा जुगार कशाला खेळावा? मान मोडून घेतल्यावर काही तासांत किंवा दिवसांत मानेत अनोळखी तीव्र कळ, गरगरणे, दुहेरी दिसणे, बोबडी वळणे, तोल जाणे यांपैकी काही झाले तर थेट रुग्णालय गाठावे. स्वतःहून मान हलवताना येणारी हलकीशी करकर मात्र निराळी. ती निरुपद्रवी असते.

तान्ह्या बाळाचा खुबा

एका आवाजाकडे मात्र वय नाही म्हणून दुर्लक्ष होऊ नये. बाळाला न्हाऊ-माखू घालताना खुब्याशी बारीक 'टक्' जाणवतो, तो बहुधा कंडरेचा असतो. परंतु मांडी फाकवताना हाताला जड 'खट्' असे काही सरकल्यासारखे लागले, एक पाय आखूड वाटला किंवा एक मांडी दुसरीइतकी बाहेर पडत नसली, तर खुब्याचा सांधा खोबणीतून निसटणारा असू शकतो. मुलींत, पायाळू जन्मलेल्या बाळांत आणि घराण्यात कोणाला हा दोष असल्यास त्याचा संभव अधिक असतो. पायाळू बाळाचा खुबा सर्व काही ठीक दिसत असले तरी दीड महिन्याच्या सुमारास सोनोग्राफी करून पाहावा. पहिल्या काही महिन्यांत साध्या पट्ट्यांनी सुधारणारा हा दोष मूल लंगडत चालू लागल्यावर कळला तर शस्त्रक्रियेपर्यंत जातो. बाळाला गुंडाळताना पाय सरळ ओढून घट्ट बांधू नयेत. उलट, बाळ थोडे मोठे झाल्यावर पाय फाकवून कडेवर घेण्याची आपली जुनी पद्धत खुब्याच्या वाढीला उपकारकच आहे.

केव्हा थांबू नये

आवाजाच्या जोडीला पुढीलपैकी एखादी गोष्ट असेल तर मात्र घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत.

१. आवाजाबरोबर त्याच जागी दुखते, आणि दुखणे दोन-तीन आठवड्यांत उतरत नाही.

२. पडताना किंवा पाय मुरगळताना 'कट्' झाले आणि काही तासांत गुडघा सुजला. हे आतील अस्थिबंध तुटल्याचे लक्षण असू शकते.

३. गुडघा मध्येच अडकतो, सरळ होत नाही, किंवा चालताना अचानक दगा देतो. आतील गादी फाटलेली असण्याचा संभव असतो.

४. टाचेच्या वर कोणी काठी मारल्यासारखा आवाज झाला आणि नंतर चवड्यावर उभे राहता येईनासे झाले. तेथील मोठी कंडरा तुटलेली असू शकते.

५. सांधा लाल, गरम, सुजलेला आहे. सोबत ताप आहे. यासाठी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा आणि शेक मुळीच देऊ नये.

६. हातांच्या लहान सांध्यांना सूज असून सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक टिकतो. हा आमवात असू शकतो, आणि त्यात लवकर सुरू केलेल्या औषधानेच बोटे वाकडी होण्यापासून वाचतात.

७. मान किंवा पाठ वाजते आणि हातापायांना मुंग्या, बधिरपणा वा अशक्तपणा आहे.

या यादीत नुसता 'आवाज' कोठेही नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच.

घरी करावयाचे

मांडीचे स्नायू बळकट करणे हा गुडघ्यासाठी पहिला उपाय होय. खुर्चीवर ताठ बसून एक पाय समोर सरळ करावा, पंजा आपल्याकडे ओढावा, दहा अंक मोजेपर्यंत धरावा, मग सावकाश खाली आणावा. प्रत्येक पायाने दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. हे जमू लागले की हातांचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठावे आणि बसावे. व्यायाम करताना करकर झाली तर होऊ द्यावी. दुखणे वाढले तर प्रमाण कमी करावे, व्यायाम सोडू नये. आठवड्यातून पाच दिवस अर्धा-अर्धा तास सपाट रस्त्याने चालावे.

वजनाचा हिशेब प्रत्येकाने पाठ करावा असा आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार शरीराचे वजन एक किलोने घटले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. पाच किलो कमी करणाऱ्याने गुडघ्यावरचे वीस किलोंचे ओझे प्रत्येक पावलाला उतरवून ठेवले, असा त्याचा अर्थ.

मांडी घालून किंवा उकिडवे बसणे सर्वांनाच वर्ज्य नाही. बसताना-उठताना दुखत नसेल तर सत्यनारायणाच्या पूजेला पाटावर खुशाल बसावे. तासभर एकाच स्थितीत मात्र राहू नये. दुखत असेल तर खुर्ची घेण्यात संकोच कसला? तसेच वेदनाशामक गोळ्या दुकानातून आणून आठवडेच्या आठवडे घेणे धोक्याचे आहे. जठराला आणि मूत्रपिंडांना त्यांचा उपद्रव होतो, आणि रक्तदाब वा मधुमेह असलेल्यांना विशेषच.

गुडघा वाजू लागला की आपण प्रथम विचारतो, 'हा आवाज कशाचा?' त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत : दुखते काय? सुजते काय? अडकते काय? तिन्हींची उत्तरे 'नाही' अशी असतील तर पायांत चपला घालाव्यात आणि फिरावयास बाहेर पडावे. एकाचेही उत्तर 'होय' असेल तर वयाकडे बोट न दाखवता डॉक्टरांकडे जावे. आणि हा नियम घरातील ज्या बाईने आपल्या गुडघ्याविषयी आजवर अवाक्षर काढलेले नाही, तिला इतरांनी आपण होऊन आधी विचारावा.